मर्लो शेजारी शेजारी ठेवून चाखताना: तीन प्रांत आणि आपल्या घरचं जेवण

रेड वाइन नव्यानेच प्यायला लागलेल्या माणसाला दुकानदार बहुतेक वेळा मर्लो सुचवतो. ‘मऊ आहे, तुरट लागणार नाही’ असं वर सांगतो. हे अर्धंच खरं आहे. फ्रान्समधल्या सेंट एमिलियनची मर्लो आणि चिलीतल्या दरीतली मर्लो डोळे मिटून चाखली, तर दोन्ही एकाच जातीच्या द्राक्षापासून झाल्यात यावर चटकन विश्वास बसत नाही. आणि एकेक बाटली वेगवेगळ्या महिन्यांत उघडून हे कधीच नीट कळत नाही, कारण मागच्या बाटलीची चव जिभेवर राहत नाही. म्हणून माझं सांगणं साधं आहे: दोन किंवा तीन प्रांतांच्या बाटल्या एकाच संध्याकाळी उघडा, शेजारी शेजारी ओता, आधी नुसत्या चाखा आणि मग जेवणाबरोबर पुन्हा चाखा. चार मित्र मिळून खर्च वाटून घेतला तर हे फारसं अवघड नाही.

द्राक्षाविषयी आधी एवढं

मर्लो लवकर फुटते आणि लवकर पिकते. काबर्ने सोव्हिन्यों हे तिचं प्रसिद्ध भावंड; त्याच्याआधी साधारण आठवडा-दोन आठवडे मर्लोची काढणी होते. तिची साल पातळ आणि मणी जरा मोठा, त्यामुळे सालीतून येणारा तुरटपणा काबर्नेपेक्षा कमी. ‘मऊ’ हा लौकिक तिथूनच आलेला. पण लवकर फुटण्यामुळे वसंतातल्या हिमाचा फटका तिला बसतो, आणि पातळ सालीमुळे पावसात मणी कुजायची भीती असते. पाण्याचा ताणही तिला फारसा सोसत नाही. म्हणून ओल धरून ठेवणारी, थंड राहणारी चिकणमाती तिला मानवते. गरम प्रदेशात ती झपाट्याने पिकते, साखर भराभर चढते, आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो आणि वाइन गोडसर, जड, पसरट होते. पुढे प्रांतांचे जे फरक येतील, त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून निघतात: तिथे ती किती घाईने पिकली.

मर्लोचा बाप काबर्ने फ्रँक, हे आधी कळलं होतं. आई कोण, हे मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. मादलेन न्वार दे शारांत नावाची, जवळजवळ विस्मरणात गेलेली ती जात. ते काम करणाऱ्यांत झां-मिशेल बूर्सिको हे फ्रेंच वेलतज्ज्ञ आघाडीवर होते. त्यांचं नाव लक्षात ठेवा, चिलीत ते पुन्हा भेटणार आहेत.

बाटल्या कशा निवडायच्या

पहिल्या वेळी तीनच घ्या. चौथ्या ग्लासापर्यंत नवख्याची जीभ थकते आणि सगळं सारखंच लागायला लागतं. तीनपैकी एक फ्रान्समधल्या बोर्डो प्रांताच्या उजव्या तीरावरची (सेंट एमिलियन तिथलंच), एक चिलीची, आणि तिसरी अमेरिकेची किंवा नाशिककडची. तिन्हींची किंमत साधारण एका पट्ट्यातली आणि साल एक-दोन वर्षांच्या फरकातलं असू द्या. नाहीतर तुम्ही प्रांताची तुलना करताय की पैशाची, हेच कळणार नाही. आपल्याकडे परदेशी बाटलीवर मोठं आयात शुल्क लागतं, त्यामुळे दुकानातला आकडा पाहून दचकायला होतं. विमानतळावरून येणाऱ्या नातेवाइकाकडून एखादी बाटली मागवायची असेल तर ती याच कामासाठी मागवा.

सालाबद्दल एक बारीक गोष्ट. चिली दक्षिण गोलार्धात असल्याने तिथली काढणी मार्च-एप्रिलच्या आसपास होते, बोर्डोची सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे लेबलवर एकच साल असलं तरी चिलीची वाइन सहा महिन्यांनी मोठी असते. नाशिक उत्तर गोलार्धात आहे, तरी आपली काढणी जानेवारी ते मार्च. ते का, हे पुढे येतंच.

आता एकेक प्रांत.

बोर्डोचा उजवा तीर

बोर्डो हे नाव आपल्या द्राक्ष बागायतदारांना वाइनच्याही आधीपासून ठाऊक आहे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, जे वेलींच्या केवडा रोगावर फवारतात, ते याच भागात १८८० च्या दशकात पुढे आलं. इथल्या वेलींवरच ते आधी आजमावलं गेलं.

दोर्दोन्य नदीच्या उजव्या अंगाला लिबूर्न नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास सेंट एमिलियन आणि पोमेरोल. पार पलीकडे, गारोन नदी आणि जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर, मेदोकच्या बाजूला गोट्यांची गरम जमीन आहे आणि तिथे काबर्ने सोव्हिन्योंचं राज्य. इकडे चुनखडी आणि चिकणमाती, म्हणून मर्लो. सेंट एमिलियनचं पठार चुनखडीचं आहे. गावाखालचा दगड शतकानुशतकं खोदून इमारतींसाठी नेला, आणि उरलेल्या भुयारांत आज वाइनची पिंपं ठेवलेली असतात. गाव आणि भोवतीच्या द्राक्षबागा १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. पोमेरोल त्यामानाने लहानसं, सपाट, पाहायला गेलं तर नजरेत भरण्यासारखं काही नाही. पण तिथल्या एका उंचवट्यावर निळसर चिकणमातीचा थर आहे आणि त्यावर पेत्रूस ही जवळपास निव्वळ मर्लोची बाग उभी आहे. जेमतेम साडेअकरा हेक्टर. जगातल्या सर्वांत महाग वाइन्समध्ये तिची गणना होते. मर्लोला ‘सुरुवातीची सोपी वाइन’ म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून पेत्रूसचं नाव पुरेसं आहे.

ते आपल्या खिशाचं काम नाही, आणि शिकायला त्याची गरजही नाही. दुकानात पाहताना दोन गोष्टी सांभाळा. एक, पुढच्या लेबलवर ‘मर्लो’ असं लिहिलेलं बहुतेकदा नसतं. गावाचं नाव असतं. आत मर्लो आणि तिच्या जोडीला काबर्ने फ्रँक. दुसरी, ‘सेंट एमिलियन ग्राँ क्रू’ हे शब्द वाचून फार हुरळून जाऊ नका. तो फक्त जरा कडक नियमांचा वर्ग आहे, आणि त्यात शेकडो बागा येतात. वरच्या प्रतीच्या बागांना ‘ग्राँ क्रू क्लासे’ म्हणतात. ही प्रतवारी १९५५ मध्ये सुरू झाली आणि ठरावीक काळाने ती पुन्हा केली जाते. पोमेरोलमध्ये अशी प्रतवारीच नाही. माझा कल शेजारच्या कमी नावाजलेल्या गावांकडे आहे: फ्रॉन्साक, कास्तियों, लालांद-द-पोमेरोल, मोंतान्य-सेंट-एमिलियन. माती साधारण त्याच घराण्यातली आणि किंमत बरीच खाली.

चवीला काय मिळेल? आलुबुखार आणि काळी चेरी, पण फळाच्या मागे ओली माती, मशरूम, तंबाखूच्या पानाचा वास. आंबटपणा जाणवण्याइतका, आणि तुरटपणा तर नक्कीच. हिरड्यांवर एक कोरडा पापुद्रा धरल्यासारखा तो वाटतो. तरुण बाटली पहिल्या घोटाला अबोल असते. तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवली तर खुलते. अलीकडे उन्हाळे तापू लागल्याने इथेही मर्लो लवकर पिकते, साडेचौदा-पंधरा टक्के अल्कोहोलच्या बाटल्या दिसतात, आणि काही बागाईतदार काबर्ने फ्रँकचं प्रमाण वाढवू लागले आहेत.

चिली, आणि चुकीच्या नावाची वेल

चिलीची मर्लो समजून घ्यायला तिथला इतिहास हवाच, कारण तो थेट चवीत उतरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बोर्डोहून वेलींच्या काड्या जहाजाने चिलीत गेल्या. त्यानंतर काही वर्षांतच फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या वेलींची मुळं खाऊन बागा उद्ध्वस्त केल्या. चिली त्यातून वाचलं. गेलेल्या काड्यांत मर्लोबरोबर कार्मनेर नावाची दुसरी बोर्डोकर जातही होती. पानं दिसायला जवळची, त्यामुळे दोन्ही एकाच बागेत मिसळून वाढल्या आणि सगळ्यांनाच मर्लो म्हटलं गेलं. बोर्डोत मात्र कार्मनेर जवळपास नाहीशी झाली.

अडचण अशी की कार्मनेर मर्लोनंतर कित्येक आठवड्यांनी पिकते. सगळी बाग एकदम तोडली की मर्लो पिकलेली आणि कार्मनेर अर्धी कच्ची. कच्च्या कार्मनेरमध्ये पायराझिन नावाची द्रव्यं भरपूर असतात; ढोबळी मिरची चिरल्यावर जो हिरवा वास येतो तो याच द्रव्यांचा. त्यामुळे ‘चिलीच्या मर्लोला हिरवी चव असते’ असं जगभर मानलं जाऊ लागलं. नोव्हेंबर १९९४ मध्ये वर सांगितलेले बूर्सिको मायपो दरीतल्या कार्मेन या कंपनीच्या बागेत फिरत असताना त्यांनी ओळखलं की समोरच्या अनेक वेली मर्लोच्या नाहीतच, कार्मनेरच्या आहेत. कार्मनेरच्या कोवळ्या पालवीत लालसर छटा असते, मर्लोची पालवी पांढुरकी. शरद ऋतूत कार्मनेरचा मळा लालभडक होतो. एकदा हे कळल्यावर बागा वेगळ्या करायला सुरुवात झाली आणि चिलीने कार्मनेर अभिमानाने तिच्या स्वतःच्या नावाने विकायला काढली.

आजची चिलीची मर्लो फळाने भरलेली असते. आलुबुखार, करवंदाची आठवण करून देणारं काळं फळ, मऊ तुरटपणा, आणि पुष्कळदा मागे एक हिरवट, पुदिन्यासारखी किंवा ढोबळी मिरचीची झाक. ही झाक काहींना दोष वाटते. मला ती माफक असेल तर आवडते, आणि आपल्या भाज्यांबरोबर ती कामाला येते. अँडीज पर्वतावरून रात्री उतरणारी गार हवा आणि समुद्राकडून येणारा थंडावा यामुळे आंबटपणा टिकतो. नवख्या माणसाने पैशाच्या मानाने सर्वांत जास्त समाधान कुठे मिळेल असं विचारलं, तर मी कोलचाग्वा किंवा मायपो दरीची साधी बाटली सांगेन.

अमेरिकेतल्या दोन टोकांच्या

कॅलिफोर्नियातलं नापा खोरं उबदार आहे. तिथली मर्लो पूर्ण पिकलेली, दाट, आलुबुखाराच्या मुरांब्याकडे झुकणारी, ओकच्या पिंपातून आलेला व्हॅनिला आणि चॉकलेटचा वास घेऊन येते. अल्कोहोल साडेचौदाच्या आसपास. १९९० च्या दशकात अमेरिकेत मर्लोची एवढी लाट आली की नको त्या जमिनींतही ती लावली गेली, पातळ आणि बेचव वाइन बाजारात आली, आणि २००४ मधल्या एका हॉलिवूड सिनेमात तिची टर उडवल्यानंतर मागणी घसरली. त्या पडझडीत वाईट बागा गेल्या आणि चांगल्या उरल्या, हे पिणाऱ्याच्या पथ्यावरच पडलं.

वॉशिंग्टन राज्य वेगळंच. सिएटलचा पाऊस ऐकून लोकांना वाटतं तिथे वाइन कशी होणार, पण द्राक्षं कॅस्केड पर्वताच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहेत. आपल्याकडे सह्याद्री ओलांडल्यावर माणदेशात जे होतं तेच. वर्षाला जेमतेम १५० ते २०० मिलिमीटर पाऊस, कोलंबिया नदीचं पाणी देऊन बागा पोसायच्या. उन्हाळ्यात दिवस लांब, रात्री मात्र गार. त्यामुळे फळ पिकतं आणि आंबटपणाही शाबूत राहतो. कोलंबिया खोऱ्याची किंवा वॉला वॉलाची मर्लो म्हणूनच ताठ कण्याची असते, तुरटपणाही ठसठशीत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना ही सहज मिळेल. नापा आणि वॉशिंग्टन अशा दोनच बाटल्या समोरासमोर ठेवल्या तरी उष्ण आणि गार रात्रींचा फरक पहिल्या घोटात कळतो. लेबलवर ‘मर्लो’ छापायला अमेरिकेत ७५ टक्के मर्लो पुरते, युरोपात ८५ टक्के लागते. म्हणजे ‘मर्लो’ लिहिलेल्या बाटलीतही पाहुणे असू शकतात.

आणखी काही ठिकाणं

इटलीत तस्कनीच्या किनाऱ्याजवळ बोल्गेरीला मासेतो ही निव्वळ मर्लोची, फार नावाजलेली आणि फार महाग वाइन होते. तिथेही निळसर चिकणमातीच आहे. दक्षिण आफ्रिकेतलं स्टेलनबॉश आणि न्यूझीलंडमधलं हॉक्स बे, दोन्हींकडची मर्लो चाखण्यासारखी असते. स्वित्झर्लंडच्या इटालियनभाषक तिचिनो प्रांतात तर बहुतेक बागा मर्लोच्याच आहेत, आणि तिथे मर्लोचा रस सालीपासून लगेच वेगळा करून पांढरी वाइनही करतात. स्विस वाइन देशाबाहेर फारशी जात नाही. सहलीत लुगानोला मुक्काम असेल तर तिथल्या ग्रोत्तो नावाच्या साध्या दगडी खाणावळीत बसून पोलेंता (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी) आणि मंद आचेवर शिजवलेल्या मांसाबरोबर तिथलीच मर्लो घ्या. पुण्या-मुंबईत ती मिळण्याची शक्यता जवळपास नाही.

नाशिक आणि अकलूज

आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची पूर्ण झोप मिळत नाही. म्हणून वर्षात दोन छाटण्या: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. पावसाळ्यात फळ धरलं तर केवडा आणि कूज यांतून ते वाचणार नाही, म्हणून बागाईतदार घड हिवाळ्यात पिकवतात. सहाशे मीटरच्या आसपासची उंची, कोरडी हवा, उबदार दिवस आणि डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्री हे नाशिकचं बलस्थान. पण फेब्रुवारी उजाडला की ऊन चढायला लागतं, आणि मर्लोसारखी लवकर पिकणारी जात त्यात घाई करते. साखर पुढे जाते, सालीचं पिकणं मागे राहतं. त्यामुळे इथल्या काही मर्लो एकाच वेळी गोडसर आणि किंचित हिरवट लागतात. आपल्याकडे शिराझ आणि काबर्नेच्या मानाने मर्लो कमी आहे, पण नाशिक परिसर आणि सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज इथून बाटल्या येतात. ताज्या, दोन-तीन वर्षांच्या आत प्या. साठवून ठेवण्यासाठी त्या केलेल्या नसतात. तुलनेत ही बाटली मुद्दाम ठेवावी, कारण आपल्या मातीत आणि आपल्या ऋतूत या फळाचं काय होतं हे दुसरी कुठलीच बाटली दाखवू शकत नाही.

मांडामांड

पाहुणे सहा धरा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून पहिल्या फेरीला प्रत्येकी ६० मिलिलिटर ओतले तर अर्धी बाटली जेवणासाठी उरते. तीन बाटल्या सहा जणांत संपवल्या तर प्रत्येकी अर्धी बाटली होते, आणि ते पुष्कळच आहे. टेबलावर थुंकण्यासाठी एक भांडं ठेवा. चाखणारे जाणकार सर्रास तसंच करतात, त्यात संकोच नको. गाडी चालवणाऱ्याने घोट गिळायचाच नाही. आणि कायद्याने ठरलेलं वय झालेल्यांनाच बोलवा.

मर्लोला १६ ते १८ अंश तापमान लागतं. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांतला आहे. पुण्यात मे महिन्यात खोली बत्तीस अंशांवर असते, आणि त्या तापमानाला कुठलीही मर्लो स्पिरिटसारखी नाकात जाते. बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं. ग्लास एकसारखे हवेत, पोट रुंद आणि तोंड जरा निमुळतं. एक तृतीयांशच भरा.

बाटल्यांवर वर्तमानपत्र गुंडाळा आणि १, २, ३ आकडे घाला. लेबल दिसलं की मन आधीच निकाल देऊन मोकळं होतं. अल्कोहोल कमी असलेली आधी, जास्त असलेली शेवटी. मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि साधे, बिनमिठाचे कुरमुरे. उदबत्ती, अत्तर, फोडणीचा वास त्या खोलीत नको. मटण शिजवायचं असेल तर ते आधीच शिजवून झाकून ठेवा.

चाखताना काय बघायचं

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळट असेल तर तरुण, विटकरी झाला असेल तर वयस्क. मग न हलवता एकदा वास घ्या, ग्लास फिरवून पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी वेगळं काहीतरी वर येतं. एक मध्यम घोट घेऊन तोंडभर फिरवा आणि फक्त तीन प्रश्न विचारा. जिभेच्या कडांना किती पाणी सुटलं? तो आंबटपणा. हिरड्या आणि गालाची आतली बाजू किती कोरडी झाली? तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. गिळल्यावर घशात किती ऊब आली? ते अल्कोहोल. फळांची नावं नंतर शोधा. ती सुचली नाहीत तरी बिघडत नाही, पण ही तीन उत्तरं प्रत्येक ग्लासासाठी कागदावर लिहून ठेवा, कारण जेवणाशी जोडी या तीन उत्तरांवरूनच ठरते. वासाचे शब्द आपल्या ओळखीचेच वापरा: जांभूळ, करवंद, भिजलेली माती, सुकं खोबरं. ब्लॅकबेरी कधी खाल्लीच नसेल तर ती वाइनमध्ये शोधून काय सापडणार?

जेवणाआधीचा एक छोटा प्रयोग

प्रत्येकाच्या ताटलीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा आणि तिखटाची जरा पूड ठेवा. सगळ्यांनी बोर्डोच्याच ग्लासातून घोट घ्यायचा, मग एक पदार्थ जिभेवर, मग पुन्हा घोट.

लिंबानंतर वाइन मऊ आणि गोडसर लागते. मिठानंतर तुरटपणा खाली बसतो, फळ पुढे येतं. गुळानंतर तीच वाइन पातळ, आंबट आणि कडवट होते. तिखटानंतर घसा पेटतो, कारण अल्कोहोल मिरचीची जळजळ वाढवतं, आणि तुरटपणाही बोचायला लागतो. या पाच मिनिटांत जे समजतं ते पानभर वाचूनही समजत नाही. मीठ आणि आंबट वाइनला मदत करतात, गोड आणि तिखट तिला अडचणीत आणतात. बाकी स्निग्ध आणि प्रथिनांचं: तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरतो म्हणून तोंड कोरडं पडतं, समोर मटण किंवा चीज असेल तर तो त्यांना धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

मग पानं वाढा

बोर्डोत बरगडीजवळच्या गोमांसाचा जाड तुकडा द्राक्षाच्या वाळलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजतात आणि त्याबरोबर ही वाइन पितात. आपल्याकडे त्या जागी मटणाचं सुकं येतं. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण, मसाला काळा, तिखट मात्र हात राखून. हा घास मी सगळ्यांना सावकाश घ्यायला सांगते. आधी नुसती बोर्डो: हिरड्या आवळलेल्या. मग चरबीचा तुकडा असलेलं एक बोट मटण, थोडं वाटण, भाकरीचा तुकडा. मग त्याच ग्लासातून पुन्हा. आवळलेपण गेलेलं असतं, आणि मघाशी न सापडलेलं फळ वर येतं. मागे उरतो तो मातीचा आणि भाजल्या खोबऱ्याचा एकमेकांत मिसळलेला वास. हेच मटण नापाच्या मर्लोबरोबर खाऊन बघा. चांगलं लागतं, पण दोन्ही बाजू जड, आणि चौथ्या घासाला थकवा येतो.

भरली वांगी ही माझ्या मते मर्लोची सर्वांत चांगली शाकाहारी जोडी आहे. गोड्या मसाल्यात दगडफूल आणि खोबरं असतं, दाण्याच्या कुटात स्निग्धपणा असतो, वांग्याला स्वतःची मातकट चव असते. अट एकच: गूळ निम्मा करा, चिंच जराशी राहू द्या. चिलीची मर्लो इथे बोर्डोपेक्षा सरस ठरते, कारण तिचा हिरवट वास वांग्याच्या देठाशी आणि कोथिंबिरीशी जुळतो. ढोबळी मिरचीच्या पीठ पेरलेल्या भाजीबरोबरही हीच घ्या. वांग्याचं भरीत छान जाईल, पण कच्चा कांदा बाजूला ठेवा.

खिमा-पावाला नाशिकची किंवा नापाची मऊ मर्लो. वॉशिंग्टनची आंबटपणा राखून असलेली बाटली गोव्याच्या सोरपोतेलासाठी राखा. त्यातल्या व्हिनेगरसमोर आंबटपणा कमी असलेली वाइन पाण्यासारखी लागते.

कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि मर्लो ही जोडी टाळा. रस्साही वाया जातो आणि बाटलीही. पांढरा रस्सा मात्र काजू-खसखस आणि नारळाच्या दुधामुळे सौम्य असतो. त्याच्याबरोबर नाशिकची, फार ओक नसलेली मर्लो किंचित गार करून द्या. वालाची उसळ, मेथी, कारलं या कडवट गोष्टी तुरट वाइनबरोबर अधिकच कडवट होतात.

माशांचं काय? सेंट एमिलियनच्या आसपास लांप्रे नावाचा, ईलसारखा दिसणारा नदीतला जीव रेड वाइनमध्ये आणि लीकच्या कांद्यांबरोबर शिजवतात आणि वर रेडच पितात. म्हणजे नियम पक्का नाही. पण बांगडा, तारली, पेडवे यांसारख्या तेलकट माशांबरोबर मर्लो घेऊ नका. वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशाची चव राहते. बांगड्याला सोलकढीच बरी.

चीज ठेवायचं तर मुरलेलं चेडर किंवा गौडा. पुरणपोळी, श्रीखंड, चॉकलेट केक यांच्याआधी ग्लास रिकामे करून घ्या. गुळाच्या खड्याने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलेलंच असतं.

उरलेल्या बाटल्या

वर्तमानपत्र काढा, आकडे जुळवा, आणि आपापल्या कागदावर प्रांताची नावं लिहा. उरलेली वाइन बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. दुसऱ्या दिवशी तिन्हींचा एकेक घोट पुन्हा घ्याच. तरुण बोर्डो बऱ्याचदा आदल्या दिवसापेक्षा खुललेली असते, आणि गरम हवेतली मऊ बाटली उतरलेली. चौथ्या दिवशी जे उरेल ते मटणाच्या रश्शात घाला आणि अल्कोहोल उडेपर्यंत उकळू द्या.

पुढच्या वेळी चिलीच्याच दोन बाटल्या आणा, एक मर्लो आणि एक कार्मनेर, शक्यतो एकाच दरीतल्या. इतकी वर्षं लोक त्या दोघींत का फसले आणि आता का फसत नाहीत, ते दोन ग्लासांत कळेल. त्याबरोबर भरली ढोबळी मिरची करा.